सिलिंडर बदलता येतो तोवर

काकूंच्या रिव्हॉल्व्हरला मी कधीही हात लावला नाही. दोन वर्षं त्यांच्या घरात राहिले, जवळजवळ प्रत्येक रविवारी ते डायनिंग टेबलवर उघडं पडलेलं पाहिलं. त्याचा कुठला भाग कुठून निघतो ते आजही डोळे मिटून सांगेन. पण हात नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवून सांगितलं होतं, "तू व्हिसावर आहेस. इथल्या कायद्यानं तुला बंदूक धरता येत नाही. त्यात पळवाटा आहेत, त्या मला माहीत आहेत, तुला माहीत असायची गरज नाही. पाहायला बंदी नाही. हात मांडीवर ठेव आणि पाहा."

मी हात मांडीवर ठेवले. मला ते सोपं गेलं. वर्गातही मी तशीच बसते.

तेव्हा मी ओहायोत, कोलंबसला मास्टर्स करत होते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता : "डब्लिनमध्ये खोली आहे. मुलगी हवी. मांसाहारी चालेल. घाबरट चालणार नाही." मी चांगलीच घाबरट होते, पण डब्लिन हे कोलंबसचंच उपनगर, माझ्याकडे गाडी नव्हती आणि त्या घरापासून बसचा थांबा चालत जाण्याएवढा जवळ होता. मुलाखतीला गेले तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला. "आवाज झाला तर किंचाळतेस का?" मी म्हटलं, "नाही. मी गप्प होते." त्या म्हणाल्या, "मग ये."

काकू मूळच्या नागपूरच्या. चाळीसहून जास्त वर्षं ओहायोत काढलेली, हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेली, बुटकी, रुंद मनगटांची बाई. केसांचा अंबाडा अगदी खाली मानेवर बांधायच्या, कारण वर बांधला की नेमबाजीच्या रेंजवर कानांना लावायचे मफ नीट बसत नाहीत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांनीच कधी तरी हौसेनं एकाच मॉडेलची दोन रिव्हॉल्व्हरं आणली होती, एक स्वतःला आणि एक बायकोला. बायको पहिलं वर्षभर त्या वस्तूकडे पाहायलाही तयार नव्हती. "मग एकदा गेले यांच्यासोबत," काकू सांगायच्या, "आणि यांच्यापेक्षा चांगलं लागलं. झालं. त्यानंतर ते मला घेऊन जायला कुरकुरायचे."

सिलिंडर म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. रिव्हॉल्व्हरच्या मधोमध जो सहा भोकांचा, मुठीत मावणारा पोलादी दंडगोल फिरतो, तो सिलिंडर. गोळ्या त्याच्यात भरतात. काकूंच्या बंदुकीला असे दोन सिलिंडर होते. एक साध्या बारक्या गोळ्यांचा, दुसरा तेवढ्याच जाडीच्या पण लांब आणि जास्त जोराच्या मॅग्नम गोळ्यांचा. बंदूक तीच, नळी तीच, मधला दंडगोल बदलला की काम बदलतं. बदलायची रीतही साधी. बाजूचं छोटं दार उघडायचं, नळीखालचं बटण दाबून पुढून एक लांब पिन ओढून काढायची, की सिलिंडर उजव्या बाजूनं तळहातावर येतो. दुसरा ठेवायचा, पिन परत सारायची. साधी म्हणजे ऐकायला. पिन घट्ट असते, तेलकट असते आणि बोटांत जोर लागतो.

हे बदलणं काकूंनी सणासारखं करून टाकलं होतं. रविवारी सकाळी अंघोळ, देवपूजा, मग टेबलावर जुना टॉवेल. आधी सहाही भोकं उजेडाकडे धरून पाहायची. मग मला दाखवायची. "रिकामं आहे?"

"हो."

"पाहिलंस की मी म्हटलं म्हणून हो?"

"पाहिलं."

"मग ठीक."

ही सवय बंदुकीपुरती राहिली नव्हती. त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट रिकामी आहे असं नुसतं म्हणून चालत नसे. दुधाचा कॅन, कपडे धुवायचं मशीन, माझी कॉलेजची बॅग, सगळं उघडून दाखवावं लागे. मंडळाच्या पॉटलक जेवणानंतर बायका आपापले डबे उचलायला लागल्या की काकू प्रत्येकीच्या डब्याचं झाकण काढून आत बघायच्या. लोक चिडायचे. एकदा अशा एका रिकाम्या डब्यात कोणाच्या तरी नवऱ्याचं श्रवणयंत्र सापडलं, तेव्हापासून जरा कमी चिडायला लागले.

त्यांच्याकडे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन कुकर होते. त्यांची झाकणं अदलाबदल केलेली त्यांना खपत नसे. मी एकदा केली, तर त्यांनी शिट्टी व्हायच्या आत आवाजावरून ओळखलं. "एकसारखं दिसतं म्हणून एकच असतं का?" एवढंच म्हणाल्या आणि गॅस बंद केला.

रेंजवर मी त्यांच्या मागच्या बाकावर बसायची. तिथले बहुतेक पुरुष काळ्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलांतून भराभर गोळ्या झाडायचे. काकूंचं रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं, दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागणारं. मी विचारलं होतं, तुम्हीही तसलं का नाही घेत. "त्याला नुसतं बोट लागतं," त्या म्हणाल्या. "याला अंगठा लागतो. अंगठा मागे ओढेस्तोवर माणसाला विचार करायला वेळ मिळतो. जगातले निम्मे मूर्खपणे अंगठा न वापरल्यानं होऊन राहिले."

एकदा काकू रेंजवर सिलिंडर परत बदलत असताना शेजारच्या लेनमधला एक तरुण, चांगल्या मनानंच, त्यांना पिन ओढायला मदत करायला पुढे आला. काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "यंग मॅन, डू आय हेल्प यू विथ युअर झिपर?" तो लालबुंद झाला. रेंजवर देखरेख करणारा अर्ल नावाचा म्हातारा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तेव्हापासून अर्ल त्यांना "मॅम" म्हणताना टोपी काढायचा.

मंडळात मात्र टोपी काढणारं कोणी नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये मोदकांच्या रांगेत आम्ही उभ्या असताना एका बाईंनी काकूंना मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्ही म्हणे घरी गन ठेवता? भीती नाही वाटत?"

"तुमच्या मुलाला सोळाव्या वर्षी गाडी दिलीत नं?"

"हो, पण ते—"

"तुम्हाला नाही वाटली भीती?"

मग काकूंनी शांतपणे दोन मोदक घेतले, एक माझ्या ताटात टाकला आणि म्हणाल्या, "चल. इथं सगळ्यांनी हात धुतलेत, पण कोणी सांगत नाही कशाकशाला लावले होते."

आता मुलाबद्दल. अमेय त्यांचा एकुलता मुलगा. ओहायोतच वाढलेला, आता दूर पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये राहणारा. तो वाईट नव्हता, हे आधी लिहून ठेवते. मी राहायला यायच्या आदल्या हिवाळ्यात काकू ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. अमेय पुढच्याच विमानानं आला. त्याच्याकडे खालची खोली रिकामी होती, बाथरूममध्ये धरायचे दांडेसुद्धा बसवून झाले होते. घर विकून टाकायचं आणि आईनं आपल्याकडे यायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. काकूंनी प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून त्याला सांगितलं, "ज्या रविवारी मला माझा सिलिंडर माझ्या हातानं बदलता येणार नाही, त्या रविवारी मी येईन. तोवर मला विचारायचं नाही."

अमेय लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, आणि काकू दर रविवारी सिलिंडर बदलत राहिल्या. खरं तर रेंजवर मॅग्नमची गरज फारशी नसायची. त्या बदलायच्या ते घर सुटू नये म्हणून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण टेबलासमोर बसून ते कळत होतं. उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता. आधी फक्त चहाचा कप धरताना, मग लिहिताना. पिन सारताना त्या मनगट टेबलाच्या कडेवर टेकवायच्या आणि श्वास धरायच्या. पिन बसली की "टक्" असा बारीक आवाज यायचा, तो झाला की दोघी श्वास सोडायचो.

अमेयकडे माझा नंबर होता. अधूनमधून त्याचा मेसेज यायचा. "हाय, आईचा हात कसा आहे? ऑनेस्टली." मी उत्तर द्यायची, "तुम्ही त्यांनाच विचारा." त्याला ते आवडत नसणार.

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या वसंतात तो चार दिवस राहायला आला. त्याला रिकामं बसता येत नाही, त्या बाबतीत आईवर गेला होता. गराज आवरलं, गटरमधली पानं काढली, फ्रिजमागची धूळ काढली. शनिवारी म्हणाला, "बाबांच्या गन्स क्लीन करू?" काकूंनी तिजोरीची किल्ली दिली. बाबांच्या वस्तूला मुलानं हात लावावा, हे त्यांना बरं वाटलं असावं. तो दुपारभर गराजमध्ये बसून होता, आणि संध्याकाळी दोन्ही रिव्हॉल्व्हरं लखलखीत करून सिलिंडरांसकट खोक्यांत परत ठेवली.

रविवारी सकाळी टॉवेल अंथरला गेला. अमेय कॉफीचा मग घेऊन समोर येऊन बसला. तो कशासाठी बसलाय ते तिघांनाही माहीत होतं.

काकूंनी आपलं रिव्हॉल्व्हर घेतलं, सहा भोकं पाहिली, मला दाखवली, आज अमेयलाही दाखवली. दार उघडलं, बटण दाबलं. पिन निघाली. साधा सिलिंडर तळहातावर आला. खोक्यातून मॅग्नमचा घेतला आणि चौकटीत सरकवला. तो सरकताना लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज आला. काकूंचा हात थांबला. मग त्यांनी पिन सारायला घेतली. ती जाईना. बोटं थरथरली, पिन निसटून टॉवेलवर पडली. अमेयनं कॉफीचा मग खाली ठेवला.

"थांब," काकू म्हणाल्या. तो काही करत नव्हता, तरीही.

पिन उचलली, मनगट टेकवलं, जोर लावून सारली. या वेळी बसली. अंगठ्यानं घोडा मागे ओढला. सिलिंडर अर्धवट फिरला आणि अडकला. परत ओढला, परत अडकला.

अमेय फार हळू आवाजात म्हणाला, "आई. इट्स ओके."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात खालची खोली होती, बाथरूममधले दांडे होते, सगळं होतं.

काकूंनी सिलिंडरकडे पाहिलं. "हा माझा नाही."

अमेयनं माझ्याकडे पाहिलं. म्हातारी माणसं असं काही बोलली की तरुण माणसं एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहतात, तसं. मी टेबलाकडे पाहत राहिले.

"आई, तुझ्याच बॉक्समधून काढलास तू. आत्ता. आमच्यासमोर."

"माझा नाही म्हटलं नं."

"पण ते इंटरचेंजेबल आहेत. तूच सांगितलं होतंस लहानपणी."

"माझे दोन आपसात. बाबांचे दोन आपसात. माझा बाबांना लागत नाही, बाबांचा मला लागत नाही. कारखान्यात ज्या बंदुकीला घासून बसवतात तिलाच बसतो तो. केसाएवढा फरक असतो, तेवढा पुरतो. जोर करून फिरवला आणि गोळी झाडली तर बाजूनं शिसं उडतं, डोळ्यात." त्यांनी सिलिंडर परत बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला. "ठिपका कुठे आहे?"

"कसला ठिपका?"

"लाल. माझ्या दोघांवर लाल ठिपका होता. मी लावलेला."

अमेयनं सिलिंडरकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "ते... मला वाटलं काही तरी डाग आहे. सॉल्व्हंटनं लगेच निघाला."

"नेलपॉलिश होतं ते."

"दिसायला सगळे सेम होते, आई! मी एक छोटा एक मॅग्नम, एक छोटा एक मॅग्नम असं लावून ठेवलं."

"इंजिनिअर आहेस नं तू?"

"सॉफ्टवेअर, आई."

आणखी एक खूण होती. जास्तीच्या सिलिंडरवर कारखान्यानंच बंदुकीच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे बारीक कोरलेले असतात. पण ते वाचायला काकूंचे डोळे पुरेनात, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं होतं. सिलिंडर टॉवेलवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात मागे बांध आणि वाच."

मी उठले, हात पाठीमागे एकात एक धरले आणि टेबलावर इतकी वाकले की तेलाचा वास नाकात गेला. "पाच, एक, आठ."

"आता बंदुकीवरचा."

"पाच, एक, तीन."

दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेली. आकडे जवळजवळचेच असणार. अमेय उठून बाबांचं खोकं घेऊन आला. त्यातला मॅग्नमचा सिलिंडर काढून मी सांगायच्या आधी त्यानं स्वतःच तिरपा धरून वाचला, आणि त्याचा चेहरा पडला. "फाइव्ह वन थ्री." मग तो आईच्या बंदुकीकडे हात नेत म्हणाला, "दे, मी बसवतो. माझी चूक आहे."

"चूक तुझी. काम माझं."

त्यांनी सिलिंडर त्याच्या हातातून घेतला. तो चौकटीत आवाज न करता गेला. पण पिन काही सिलिंडर बघून हलकी होत नाही. कंप होताच, उलट आता रागानं वाढला होता. पिनेचं टोक भोकाच्या भोवती फिरत राहिलं, कडेला लागून घसरत राहिलं. अमेयचा हात टेबलावर पुढे यायचा, परत जायचा. मला माझे हात मांडीवर ठेवणं पहिल्यांदाच जड गेलं. काकूंनी एकदा पिन खाली ठेवली, तळहात टॉवेलला पुसला, डोळे मिटले. मग अंगठ्यानं चौकट दाबून धरली, मनगट कडेला टेकवलं आणि सारली.

टक्.

घोडा मागे ओढला. सिलिंडर फिरला आणि जागेवर बसला. त्यांनी तो सहाही भोकं पूर्ण होईतो फिरवून दाखवला.

"आई," अमेय म्हणाला, "बसला, ओके. पण किती वेळ लागला बघ ना."

"वेळ लागला. जमलं नाही असं कोण म्हणून राहिलं?"

तो माझ्याकडे वळला. "तू रोज बघतेस. यू टेल हर. सेफ आहे का हिनं इथं एकटं राहणं?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. मला असे क्षण अजिबात आवडत नाहीत, आणि शक्य असतं तर मी उठून वर गेले असते. पण म्हटलं, "त्यांना चुकीचा दिला होता, तर त्यांना तो हातात घेतल्या घेतल्या कळला. आपल्याला दोघांना नाही कळला."

"तुला कोणी वकील केलं?" काकू माझ्यावरच खेकसल्या. "बस खाली." मग अमेयला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी फोन कर. विचारू नको. मी सांगेन."

त्या दिवशी रेंजवर अमेयही आला. आईच्या शेजारच्या लेनमध्ये बाबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन उभा राहिला. त्याच्या गोळ्या निशाण्याच्या कागदाच्या कडेकडेला लागल्या. काकूंच्याही सगळ्या मध्यात नव्हत्या, पण कागदावरच्या वर्तुळांच्या आत होत्या, आणि त्यांनी आपला कागद त्याच्या बॅगेत घडी करून घातला. "फ्रीमाँटला लाव भिंतीवर."

पुढे मला दुसऱ्या राज्यात, पार्सिपनीत नोकरी लागली आणि मी ते घर सोडलं. निघताना काकूंनी माझी बॅग नव्हे, माझी खोली तपासली. सगळे ड्रॉवर उघडून बघितले. "रिकामं," म्हणाल्या, आणि दार जरा जोरातच लावलं.

आमचं रविवारी दुपारी बोलणं व्हायचं, त्या रेंजवरून आल्यावर. फोनची सुरुवात नेहमी एकाच शब्दानं. "बसला." मग बाकीचं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अर्लच्या बायकोचं काय झालं, मंडळाच्या नव्या अध्यक्षांना मराठी येत नाही. मी ऐकत असायची.

या वर्षी एका रविवारी फोन सकाळीच आला.

"आज नाही निघाली."

मी विचारलं, "पिन?"

"अजून काय? बसवणं सोड, ओढूनच नाही निघाली. डाव्यानं पाहिलं, उजव्यानं पाहिलं."

"तेल कमी असेल. कोणी होतं तिथे?"

"कोणी नव्हतं."

"मग काकू, कोणाला माहीत आहे? पुढच्या रविवारी परत करून बघा."

"पुढचा रविवार काहून? मी काय म्हटलं होतं अमेयला? ज्या रविवारी येणार नाही, त्या रविवारी. पुढच्या रविवारी असं म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग. केला मी त्याला फोन. दोन्ही बंदुका अर्लला देऊन टाकते, आकडे वाचून घेईन त्याच्याकडून आधी."

"अमेयदादा काय म्हणाले?"

पलीकडून नाकातून हवा सोडल्याचा आवाज आला. "काय म्हणणार? मोठ्या मनाचा झाला. म्हणतो, आई, लेट इट गो, राहा अजून सहा महिने, मी नाही धरत तुला त्या बोलण्यात. मी म्हटलं, तू कोण सोडणारा? अट मी घातली होती. मी जिंकत होते तोवर पाळली, आणि आता हरले म्हणून तुझ्या दयेवर राहू? तिकीट काढ म्हटलं, मुकाट्यानं."

"मग?"

"मग काढलं त्यानं. मी फोनवर असतानाच. आणि विचारतो कसा, आई, एअरपोर्टला व्हीलचेअर टाकू का रिक्वेस्टमध्ये? सगळ्यांचे आईवडील घेतात म्हणे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"टाक म्हटलं. खुशाल टाक. त्या खुर्चीत माझी बॅग बसेल आणि ती ढकलत मी मागून चालत येईन. तू गेटवर उभा राहा आणि पाहा."